मुंबई इलाख्याचे ‘पंतप्रधान’: जुन्या खानदेशी कागदांत हे पद कसे वाचावे

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही धागा सापडेल. तळोदा तालुक्यातल्या तुमच्या गावाच्या इतिहासाची पुस्तिका छापायची आहे आणि पेटीतून पाच कागद निघाले आहेत. १९२९ चा ‘ना. मंत्रीसाहेब, मुंबई सरकार’ यांच्या नावाचा अर्ज. १९३८ चे छापील पत्रक, त्यात ‘मुंबई इलाख्याचे पंतप्रधान ना. बाळासाहेब खेर’. १९४३ चा हुकूम, ज्यात एकाही मंत्र्याचा उल्लेख नाही. १९४८ चे कात्रण, त्यात पुन्हा ‘पंतप्रधान खेर’. आणि १९५१ च्या पत्रात तेच खेर ‘मुख्यमंत्री’. तुम्ही विचारता, ही छपाईची चूक आहे का, सगळीकडे ‘मुख्यमंत्री’ करून टाकले तर चालेल का, आणि ‘कुळकायदा खेरांनी दिला’ असे वडीलधारे सांगतात ते तसेच लिहावे का.

चूक एकाही कागदात नाही. सरसकट ‘मुख्यमंत्री’ करू नका. तसे केले तर पाच कागदांपैकी चार कागद खोटे बोलू लागतील. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे लांब आहे, कारण त्यात पश्चिम खानदेशाचा (आजच्या धुळे-नंदुरबारचा) एक खास पेच आहे.

खरी अडचण पदाच्या नावाची नाहीच. त्या तारखेला, त्या खात्यात आणि त्या गावापुरता शेवटचा शब्द कोणाचा होता, हे शोधायचे आहे. म्हणून कागद हातात आला की मी आधी तारीख बघतो, मग खाते, मग गाव. धडगाव, अक्कलकुवा, नवापूर या पट्ट्यातला कागद असेल तर गाव सगळ्यात आधी. नावे आणि पदव्या शेवटी. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात आणि तिथेच गाडी घसरते.

१९२९ चा अर्ज

१९२१ ते १९३७ या काळात मुंबई सरकारात द्विदल राज्यपद्धती होती. कारभाराचे दोन भाग होते. राखीव खाती गव्हर्नर आणि त्यांच्या कार्यकारी मंडळाचे सभासद बघत. त्यांना कागदांत ‘होम मेंबर’, ‘रेव्हेन्यू मेंबर’, ‘फायनान्स मेंबर’ म्हटलेले दिसेल. सोपीव खाती कौन्सिलात निवडून आलेल्यांपैकी नेमलेल्या दोन-तीन मंत्र्यांकडे असत. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य, शेती, सहकार, अबकारी ही त्यातली. १९२१ साली शिक्षणमंत्री झालेले रँग्लर र. पु. परांजपे हे या पद्धतीतले पहिल्या फळीतले मंत्री.

या मंत्र्यांवर कोणी प्रमुख मंत्री नव्हता. प्रत्येक जण आपापल्या खात्यापुरता गव्हर्नरला सल्ला देई. एकाने राजीनामा दिला म्हणून दुसऱ्याने द्यावा असे बंधन नव्हते. त्यामुळे १९२९ च्या अर्जातले ‘मंत्रीसाहेब’ म्हणजे त्या वेळचे मुख्यमंत्री असे समजून कोणाचे तरी नाव तिथे बसवू नका. अर्ज कशाबद्दल आहे ते बघा. शाळा, दवाखाना, लोकल बोर्डाचा रस्ता असेल तर तो मंत्र्याच्या खात्यात पडतो. जमीन महसूल, तगाई (शेतकऱ्याला मिळणारे सरकारी कर्ज), पोलीस असेल तर अर्जावर मंत्र्याचे नाव असले तरी निर्णय मेंबरच्या खात्यात झालेला असणार. जंगलाच्या बाबतीत मुंबई इलाखा वेगळा होता: बहुतेक प्रांतांत राखीव असलेले हे खाते इथे सोपीव, म्हणजे मंत्र्याकडे होते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांचे निम्मे अर्ज लाकूडफाटा, चराई आणि वहिवाटीचे असतात, म्हणून हा फरक तुम्हाला उपयोगी पडेल.

१९३७: पद कुठून आले

१९३५ च्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया ॲक्टचा प्रांतांपुरता भाग १ एप्रिल १९३७ रोजी अमलात आला. द्विदल पद्धत गेली, सगळी खाती मंत्रिमंडळाकडे आली. या कायद्याच्या ५० आणि ५१ व्या कलमांत ‘मंत्रिमंडळ’ आहे, मंत्री कोणी नेमायचे ते आहे, पण प्रमुख मंत्र्याचे पद वेगळे निर्माण केलेले नाही. गव्हर्नरला दिलेल्या सूचनापत्रात एवढेच आहे की ज्याच्यामागे विधिमंडळात स्थिर बहुमत असण्याची शक्यता आहे अशा व्यक्तीच्या सल्ल्याने मंत्री निवडावेत आणि त्यांच्यात सामुदायिक जबाबदारीची भावना वाढेल असे बघावे. ती व्यक्ती म्हणजे प्रांताचा पंतप्रधान. सगळ्याच प्रांतांत हीच रीत होती: मद्रासेत राजगोपालाचारी, संयुक्त प्रांतात गोविंद वल्लभ पंत.

मुंबईचे पहिले पंतप्रधान खेर नव्हेत. फेब्रुवारी १९३७ च्या निवडणुकीत १७५ जागांच्या विधानसभेत काँग्रेस सगळ्यात मोठा पक्ष झाला, पण गव्हर्नर आपले खास अधिकार वापरणार नाहीत अशी हमी मिळाल्याशिवाय अधिकारपदे घ्यायची नाहीत असे पक्षाने ठरवले होते. तोवर गव्हर्नरांनी सर धनजीशा कूपर यांचे अल्पमतातले मंत्रिमंडळ नेमले. ते १ एप्रिल ते १९ जुलै १९३७ एवढेच टिकले. जूनमध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांचा खुलासा आला, जुलैत वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीने होकार दिला आणि १९ जुलैला बाळ गंगाधर ऊर्फ बाळासाहेब खेर यांनी सूत्रे घेतली. तेव्हा एप्रिल ते मध्य जुलै १९३७ मधला कागद निघाला तर तिथे खेरांचे नाव घालू नका. गावोगावच्या स्मरणिकांत ही चूक हमखास असते.

खानदेशात आणखी एक सांधा नको तितका घट्ट जोडला जातो. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन झाले, खेड्यात भरलेले पहिले. ‘फैजपूरला ठरले आणि खेरांचे सरकार आले’ असे लिहिण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात फैजपूरच्या ठरावात १९३५ च्या कायद्याला विरोधच होता आणि अधिकारपदे घ्यायची की नाही हा निर्णय निवडणुकीनंतरवर ढकलला होता. फैजपूरचे खरे देणे म्हणजे शेतीविषयक कार्यक्रम: सारा-खंड कमी करणे, कर्जाचा भार हलका करणे, कुळाला स्थैर्य. पुढच्या दोन-अडीच वर्षांतल्या मुंबईच्या कायद्यांत तो जाणवतो. एवढे लिहिलेत तर भक्कम राहील.

पंतप्रधानाची सही शोधू नका

सगळ्यात जास्त वेळ लोक इथे वाया घालवतात. ‘पंतप्रधानांचा हुकूम’ म्हणून सांगितलेल्या कागदावर खेरांची सही नाही, म्हणून तो बनावट, असा निष्कर्ष काढतात. १९३५ च्या कायद्याच्या ५९ व्या कलमाप्रमाणे प्रांताच्या कारभाराचा प्रत्येक हुकूम गव्हर्नरच्या नावाने निघे आणि खात्याचा सेक्रेटरी किंवा त्याच्या हाताखालचा अधिकारी सही करी. मंत्र्याचा निर्णय फाइलीतल्या टिपणीवर असे. बाहेर पडणाऱ्या कागदावर नसे. आजही राज्यघटनेच्या १६६ व्या कलमाने तीच पद्धत चालू आहे, फक्त ‘राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने’ असे शब्द असतात.

मुंबई सरकारचा त्या काळातला एखादा ठराव जवळून कसा वाचायचा ते सांगतो. वर खात्याचे नाव आणि ठरावाचा क्रमांक. महसूल असेल तर ‘आर. डी.’ हा संक्षेप. क्रमांकात तिरक्या रेघेनंतरचा आकडा हे साल समजून तारीख ठरवू नका. फाइल जुनी आणि ठराव बराच नंतरचा असू शकतो. तारीख वेगळी लिहिलेली असते, तीच घ्या. तारखेशेजारी बऱ्याच कागदांवर ‘बॉम्बे कॅसल’ असते. तो किल्ला शोधायला जाऊ नका, सरकारचा मुक्काम दाखवण्याची ती ठरीव रीत आहे. पावसाळ्यातल्या कागदांवर पुणे दिसले तरी खाते तेच. मग विषय, वाचलेल्या पत्रांची यादी, ठरावाचा मजकूर आणि शेवटी ‘मुंबईच्या गव्हर्नरच्या हुकमावरून’ म्हणून सेक्रेटरीची सही.

सहीखालची प्रती रवाना केल्याची यादी मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. तिथे मध्य विभागाचे कमिशनर, पश्चिम खानदेशचे कलेक्टर, अकाउंटंट जनरल अशी नावे असतात. ज्याच्याकडे ती प्रत गेली त्याच्या नावावर बहुतेक वेळा शाईची खूण असते. खाली किंवा पाठीवर मामलेदार कचेरीचा आवक शिक्का आणि हाताने घातलेला क्रमांक सापडला, तर हा कागद फक्त मुंबईत निघाला नाही, तळोद्यापर्यंत पोचला, हे सिद्ध होते. गावच्या इतिहासाच्या दृष्टीने त्या शिक्क्याची किंमत वरच्या नावाहून जास्त आहे.

पंतप्रधान सगळ्या खात्यांचा धनी होता असेही नाही. १९३७ च्या मंत्रिमंडळात सात जण होते. खेरांकडे पंतप्रधानपदाबरोबर शिक्षण होते. अर्थ अण्णासाहेब लठ्ठे, गृह कन्हैयालाल मुनशी, महसूल, शेती आणि जंगल मोरारजी देसाई, आरोग्य आणि अबकारी डॉ. गिल्डर, बांधकाम नुरी, स्थानिक स्वराज्य ल. मा. पाटील. जमिनीच्या कागदामागचा मंत्री हवा असेल तर तो मोरारजी. शाळेच्या कागदामागचा हवा असेल तर खेर. तुमचे १९३८ चे पत्रक शाळेच्या समारंभाचे आहे, म्हणजे खेर तिथे दोन्ही नात्यांनी शोभतात.

गव्हर्नर आणि पंतप्रधान

१९३७ चे पंतप्रधान आणि आजचे मुख्यमंत्री यांच्यात खरा फरक इथे आहे. १९३५ च्या कायद्यात काही बाबी गव्हर्नरच्या स्वतःच्या मर्जीवर होत्या, तिथे मंत्र्यांना विचारण्याची गरजच नव्हती. काही बाबींत मंत्र्यांचा सल्ला घ्यायचा, पण निर्णय गव्हर्नरने आपल्या बुद्धीने घ्यायचा. प्रांताच्या शांततेला मोठा धोका, अल्पसंख्याकांचे हितसंबंध, सरकारी नोकरांचे हक्क ही ‘खास जबाबदारी’ ५२ व्या कलमात होती. पोलिसांच्या नियमांबाबत आणि गुप्त माहितीच्या स्रोतांबाबतही वेगळी कलमे होती. मंत्रिमंडळाच्या बैठकीत गव्हर्नर हवे तेव्हा अध्यक्षस्थानी बसू शकत असे. म्हणून १९३७ ते ३९ चे पंतप्रधानपद ‘आजच्या मुख्यमंत्र्यासारखेच’ असे लिहिणे बरोबर नाही. ‘आजच्या मुख्यमंत्रिपदाचे पूर्वरूप, पण अधिकार आखडते’ असे लिहा.

तुमच्या तालुक्याचा पेच

हा मुद्दा पुस्तिकेत आलाच पाहिजे. १९३६ च्या एका हुकमाने मुंबई इलाख्यातले काही भाग ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ ठरवले गेले. पश्चिम खानदेशातले भाग असे: नवापूर पेटा, अक्राणी महाल (पेटा आणि महाल म्हणजे तालुक्याहून लहान महसुली भाग) आणि मेवासी सरदारांची, म्हणजे डोंगरी भागातल्या छोट्या वंशपरंपरागत सरदारांची गावे: काठी, नाल, सिंगपूर आणि नवलपूरचे पाडवी, गव्हाळीचे वळवी आणि चिखलीचे वसावे यांच्याकडची. पूर्व खानदेशात, म्हणजे आजच्या जळगावकडे, सातपुड्यातले राखीव जंगल.

या भागांत मंत्र्यांचा कारभार चाले, पण ९२ व्या कलमाप्रमाणे विधिमंडळाचा कायदा आपोआप लागू होत नसे. गव्हर्नरने जाहीर सूचना काढून ‘हा कायदा तिथे लागू’ म्हटले तरच, आणि तेही हवे ते फेरफार करून. शिवाय या भागांची शांतता आणि सुशासन ही गव्हर्नरची खास जबाबदारी होती. थोडक्यात, शहाद्याच्या बाजारपेठेत पंतप्रधानाच्या सरकारचा कायदा थेट पोचत होता. अक्राणीच्या डोंगरात तो गव्हर्नरच्या सूचनेच्या दारातूनच जात होता. तुमचे गाव त्या वेळी साध्या तळोदा तालुक्यात होते की मेवासी सरदाराच्या गावांत, हे आधी ठरवा. आजच्या तालुक्याच्या नकाशावरून ठरवू नका. जुन्या गावयादीवरून किंवा गावच्या जुन्या महसुली कागदाच्या शिरोभागावरून ठरवा. ‘मेवास’ किंवा सरदाराचे नाव दिसले की प्रत्येक कायद्यासाठी वेगळी सूचना शोधावी लागेल. हीच यादी पुढे १९५० मध्ये अनुसूचित क्षेत्रांच्या आदेशात जवळजवळ जशीच्या तशी उतरली, म्हणून १९५० नंतरचा कागद वाचतानाही ती हाताशी असू द्या.

१९४३ चा बिनमंत्र्याचा हुकूम

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानला न विचारता ओढले म्हणून काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबईत हे नोव्हेंबर १९३९ च्या पहिल्या दोन-चार दिवसांत झाले आणि ४ नोव्हेंबरला ९३ व्या कलमाखालचा जाहीरनामा निघाला. त्या दिवसापासून १९४६ पर्यंत मुंबई प्रांताला पंतप्रधान नाही, मंत्री नाही, चालू विधिमंडळ नाही. गव्हर्नर आणि त्यांचे सल्लागार म्हणून नेमलेले सनदी अधिकारी एवढाच कारभार. म्हणून तुमच्या १९४३ च्या हुकमात मंत्री नसणे हीच त्याच्या खरेपणाची खूण आहे. उलट १९४० ते ४५ मधल्या एखाद्या सरकारी हुकमावर मंत्र्याचे पद दिसले तर मी त्या कागदाकडे संशयाने बघेन.

या सहा वर्षांतले कायदेही ओळखू येतात. प्रस्तावनेतच लिहिलेले असते की ४ नोव्हेंबर १९३९ च्या जाहीरनाम्याने प्रांतिक विधिमंडळाचे सर्व अधिकार गव्हर्नरने स्वतःकडे घेतले आहेत, म्हणून गव्हर्नर हा कायदा करीत आहेत. नावात ‘मुंबईचा अधिनियम’ असल्यामुळे ते विधानसभेत मंजूर झाले असे वाटते, झालेले नसतात. शिवाय जाहीरनामा संपल्यावर असे कायदे दोन वर्षेच टिकत, त्याआधी विधिमंडळाने ते पुन्हा केले किंवा रद्द केले तर वेगळे. १९४८ च्या आसपास जुनाच कायदा नव्या क्रमांकाने दिसतो त्यामागे बहुधा हेच असते.

‘कुळकायदा खेरांनी दिला’

आता वडीलधाऱ्यांचे म्हणणे. कुळांचा पहिला कायदा खेर मंत्रिमंडळाच्या काळात विधिमंडळाने केला: १९३९ चा मुंबई अधिनियम २९. तो मांडणारे खाते महसूल, म्हणजे मोरारजी देसाई. पण तो अमलात येण्याआधीच सरकार गेले. पुढे १९४१ मध्ये गव्हर्नरच्या राजवटीत तो आधी चारच जिल्ह्यांत लागू झाला: ठाणे, सुरत, धारवाड आणि पश्चिम खानदेश. पूर्व खानदेशासह बाकी प्रांताला तो १९४६ मध्ये मिळाला. म्हणजे धुळे-नंदुरबारच्या बाजूचा शेतकरी ‘आम्हाला आधी मिळाला’ म्हणतो आणि जळगावकडचा ‘नाही, नंतर आला’ म्हणतो, तेव्हा दोघेही खरे सांगत असतात.

या कायद्यातले ‘संरक्षित कूळ’ म्हणजे १ जानेवारी १९३८ च्या लगेच आधीची सलग सहा वर्षे जमीन कसणारा. त्यामुळे १९३२ पासूनचे पीकपाहणीचे आणि खंडाच्या पावत्यांचे कागद त्या पिढीने जिवापाड जपले. तुमच्या पेटीत तसे काही असेल तर फेकू नका. सगळीकडे माहीत असलेला कुळकायदा हा दुसरा, १९४८ चा अधिनियम ६७, खेरांच्याच दुसऱ्या मंत्रिमंडळाच्या काळातला. आणि ‘कृषक दिन’, म्हणजे कूळ मालक मानले जाण्याची तारीख, १ एप्रिल १९५७. तोवर खेर जाऊन मोरारजी आणि मोरारजी जाऊन यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले होते.

तेव्हा पुस्तिकेत वाक्य असे करा: ‘कुळांच्या संरक्षणाचा पहिला कायदा खेर मंत्रिमंडळाच्या काळात १९३९ मध्ये झाला, पश्चिम खानदेशात तो १९४१ मध्ये गव्हर्नरच्या राजवटीत लागू झाला.’ गाव मेवासी भागातले निघाले तर दुसरा अर्धा भाग सूचना हाती लागल्याशिवाय छापू नका.

१९४६ ते १९५०, आणि नंतर

१९४६ च्या निवडणुकांनंतर मार्चअखेर खेर पुन्हा पंतप्रधान झाले. या वेळी गृह आणि महसूल मोरारजींकडे, अर्थ वैकुंठभाई मेहता यांच्याकडे, कामगार खाते गुलझारीलाल नंदा यांच्याकडे. १५ ऑगस्ट १९४७ ला पद तेच राहिले, पण आतून बदलले. १९३५ चा कायदा घटना होईपर्यंत चालू ठेवला गेला, मात्र त्यातले गव्हर्नरच्या ‘मर्जी’चे आणि ‘स्वतःच्या बुद्धी’चे शब्द काढून टाकले आणि ९३ वे कलमही गेले. त्यामुळे १९४८ चे पंतप्रधान खेर हे १९३८ च्या पंतप्रधान खेरांपेक्षा अधिकाराने बरेच मोकळे. त्या अडीच वर्षांत दिल्लीत नेहरू आणि मुंबईत खेर असे दोन पंतप्रधान एकाच वेळी होते आणि कोणाला त्यात गोंधळ वाटत नसे. आजच्या वाचकाला वाटतो, म्हणून तळटीप द्या; मूळ शब्द बदलू नका.

२६ जानेवारी १९५० ला घटना अमलात आली. १६३ आणि १६४ व्या कलमांत ‘मुख्यमंत्री’ हे पद नावानिशी आले आणि प्रांताचा पंतप्रधान इतिहासजमा झाला. खेर एप्रिल १९५२ पर्यंत त्याच खुर्चीवर मुख्यमंत्री म्हणून होते. तुमचे १९५१ चे पत्र म्हणूनच बरोबर.

आजूबाजूच्या हद्दी

खानदेशाच्या कागदांत एक सापळा असा आहे जो पुण्या-साताऱ्याकडच्या लोकांना भेटत नाही. आपल्या चारी बाजूंना वेगवेगळी सरकारे होती. मुक्ताईनगरच्या पलीकडे मलकापूर म्हणजे मध्यप्रांत-वऱ्हाड. तिथले ‘पंतप्रधान’ आधी डॉ. ना. भा. खरे आणि १९३८ पासून रविशंकर शुक्ल. अजिंठ्याचा घाट चढला की निजामाचे राज्य. सेंधव्याकडे होळकरांचे इंदूर संस्थान, आणि इंदूरलाही ‘प्राइम मिनिस्टर’ होते, पण ते संस्थानिकाने नेमलेले, निवडून आलेले नव्हेत. नवापूरच्या पश्चिमेला सोनगड-व्यारा म्हणजे बडोदा संस्थान, तिथे दिवाण. सोयरिकी आणि व्यापार या सगळ्या हद्दी ओलांडून चालत, त्यामुळे घरच्या पेटीत ‘पंतप्रधान’ लिहिलेला कागद निघाला तरी तो मुंबईचाच असेल असे नाही. कागदावरचा जिल्हा आणि शिक्का बघून मगच नाव जोडा.

आणखी दोन बारीक गोष्टी. ‘ना.’ म्हणजे नामदार, आणि तो मान मंत्र्यांपुरता नव्हता. कौन्सिलच्या सभासदांनाही लावत. ‘दिवाणबहादूर’, ‘रावबहादूर’, ‘खानबहादूर’ हे किताब, पदे नव्हेत. आणि ‘एम. एल. सी.’ १९३७ च्या आधी असेल तर प्रांताच्या एकमेव कायदेमंडळाचा सभासद, नंतर असेल तर वरच्या सभागृहाचा. ‘पार्लमेंटरी सेक्रेटरी’ हेही मंत्री नव्हेत. १९३७ च्या सरकारात गुलझारीलाल नंदा आणि हंसा मेहता त्या पदावर होत्या.

कुठे शोधायचे

स्वतंत्र ‘पंतप्रधान कार्यालय’ या नावाचा ढीग शोधू नका, कागद खात्यानुसार लागलेले असतात. मुंबईत महाराष्ट्र राज्य पुराभिलेख संचालनालयात, फोर्टमधल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, जाताना खाते, साल आणि विषय हे तिन्ही लिहून न्या. ‘खेरांचे पत्र’ एवढ्यावर कोणीही काही काढून देऊ शकणार नाही. कायदा तुमच्या भागात कधी लागू झाला याची सूचना मुंबई सरकारच्या गॅझेटात मिळेल. अंशतः वगळलेल्या क्षेत्रासाठी तर तेच एकमेव खात्रीचे ठिकाण. विधानसभेत पश्चिम खानदेशाबद्दल काय प्रश्नोत्तरे झाली हे छापील कामकाजाच्या खंडांत असते. आधी शेवटची विषयसूची उघडा.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, त्यामुळे त्याआधीच्या कलेक्टर कचेरीच्या कागदांची चौकशी धुळ्याच्या अभिलेख कक्षात आधी करा, मग नंदुरबारला. त्या काळातली वर्तमानपत्रे, पत्रके आणि स्थानिक छापील साहित्यासाठी धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ. अर्जात जुने नाव ‘पश्चिम खानदेश’ आणि आजचे तालुक्याचे नाव दोन्ही लिहा. तुमच्या १९४३ च्या हुकमाचा क्रमांक आणि मागच्या आवक शिक्क्यावरचा क्रमांक वेगवेगळे आहेत. मुंबईला विचारताना पहिला द्या, धुळ्याला विचारताना दुसरा.